ताडून पाहिले

कुसुनपडाची सेबती राउत दाखला न्यायला आली तेव्हा तिची मुदत संपून तीन दिवस झाले होते.

बिनोदिनी सामलने पोच-रजिस्टर पुढे सरकवलं, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं आणि वारस दाखल्याची प्रत तिच्या हातात ठेवली. सेबती पंचविशीची असेल. नवरा सरकारी पंपघरात ऑपरेटर होता आणि मागल्या वर्षी तिथेच साप चावून गेला होता. त्याच्या जागी तिला अनुकंपेची नोकरी मिळायची होती, पण अर्ज वर्षाच्या आत जायला हवा होता, आणि अर्जाला हा दाखला जोडायला हवा होता.

सेबतीने कागद उलटसुलट पाहिला. ऑफिसात आणि बाहेर सगळे बिनोदिनीला अपा, म्हणजे ताई म्हणायचे. "अपा, आता हा कुठं देऊ मी? तिथं तर म्हणाले, शनिवारीच संपलं."

"ठेव जवळ. दुसऱ्या कामाला येईल."

"बरं," सेबती म्हणाली. कागदाची घडी घालून तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली आणि साडेबाराच्या बससाठी निघून गेली. आदळआपट नाही, रडणं नाही. त्यामुळे बिनोदिनीला जास्तच लागलं. दुपारी तिने पखाळचा डबा उघडला, भातावरचं पाणी बघितलं आणि झाकण परत लावलं. मग सेबतीची फाईल काढून ती तारखा लिहीत बसली. रेव्हेन्यू इन्स्पेक्टरची चौकशी अठरा दिवस. हरकतीची नोटीस तीस दिवस, हरकत कुणाचीच नाही. आणि रेकॉर्ड रूममध्ये, 'मूळ नोंदीशी ताडून पाहिले' एवढा एक शिक्का बसायला, चार महिने नऊ दिवस.

ते नऊ दिवस तिच्या डोक्यात अडकले. बउळपूर तहसीलच्या याच ऑफिसात तिचे वडील कारकून होते. खुर्चीतच गेले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, आणि तिचा वारस दाखला बरोबर नऊ दिवसांत झाला होता. तो शिक्का तेव्हा नव्हता. नोटीससुद्धा मागची तारीख घालून लावली होती. मयत माणूस घरचा, त्याची मुलगी घरची. त्याच दाखल्यावर तिला नोकरी लागली आणि आज वीस वर्षं ती इथं बसून दुसऱ्यांना दाखले देत होती.

नवे तहसीलदार अभिलाष मंगराज येऊन दोन महिने झाले होते. वय एकतीस, अजून केबिनच्या दाराशी उभं राहून बोलायची सवय गेलेली नव्हती. त्यांनी आल्या आल्या सगळ्या टेबलांना एक परिपत्रक काढलं होतं: आपल्याकडचं असं एक काम सांगा, जे बंद केलं तर कुणाचं काही बिघडणार नाही. आठ टेबलांची उत्तरं आठवड्यात आली. आठही 'निरंक'. बडबाबू भ्रमरबर जेना, म्हणजे ऑफिसचे हेडक्लार्क, ती उत्तरं पिन लावून नीट ठेवत होते.

"अपा, तुझंच राहिलंय," ते म्हणाले. "निरंक लिही आणि दे, म्हणजे मी गठ्ठा आत पाठवतो."

"आज देते."

"एका शब्दाला आजचा दिवस लागतो?"

ती उठली आणि मागच्या बाजूच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली.

रेकॉर्ड कीपर कुळमणि खुंटिआ. त्यांना अख्खं ऑफिस मउसा, म्हणजे काका म्हणायचं. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला आठेक महिने होते, म्हणजे निवृत्तीलाही तेवढेच. बिनोदिनी नोकरीला लागली तेव्हा टिपण कसं लिहायचं, समास किती सोडायचा, साहेब रागावले तर नजर कुठे ठेवायची, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. तिच्या दाखल्याची फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर स्वतःच्या हाताने नेणारेही तेच.

"मउसा, कुसुनपडाचं जुनं रजिस्टर बघायचंय."

"कशाला?"

"असंच."

ते उठले नाहीत. बिनोदिनीने स्वतःच फळीवरून लाल कापडातला बस्ता खाली काढला आणि गाठ सोडली. आत रजिस्टर होतं, पण पानं नव्हती. म्हणजे पानं होती, पण सगळी मिळून एक झाली होती. नखाने कड उचलायला गेली तर भुसा पडला. भाजल्या विटेसारखं ते टणक होतं.

"हे उघडत नाही."

"माहीत आहे मला."

"मग सेबती राउतची नोंद कशाशी ताडलीत तुम्ही?"

कुळमणिंनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "दार लोटून घे."

तिने दार लोटलं.

"एकशे अकरा गावं आहेत. त्यातली चौसष्ट अशी. महावादळात तीन दिवस इथं कमरेएवढं पाणी होतं. तूच नव्हतीस का माझ्याबरोबर, अंगणात ताडपत्रीवर वाळत घालायला?"

होती. तिला आठवलं. शेजारी कुणाचा तरी भिजलेला भात वाळत होता आणि दोन्हीचा वास एकच येत होता. "पण वरून नव्या प्रती येणार होत्या ना?"

"मी सात वेळा लिहिलं. सातव्या वेळी उत्तर आलं, की आधीच्या सहा पत्रांच्या प्रती जोडा."

"मग फाईल चार-चार महिने ठेवता कशाला? ताडायचं काही नाहीच, तर त्याच दिवशी शिक्का मारून द्या."

"त्याच दिवशी दिली, तर कुणीतरी विचारेल ना, इतक्या लवकर ताडली कशी म्हणून."

ते थट्टा करत नव्हते. बिनोदिनीने बस्त्याची गाठ परत बांधायला घेतली.

"तू बसतेस ती खुर्ची कुणाची होती?" कुळमणिंनी विचारलं.

"गदाधर बाबूंची."

"गदाधरने एका वारसाच्या जिवंत भावाला मयत दाखवून दाखला दिला. चहासुद्धा घेतला नव्हता त्याने कुणाचा. इन्स्पेक्टरचा अहवाल चुकीचा होता, याने विश्वास ठेवला. सहा वर्षं निलंबित. निवृत्तीला महिना राहिला तेव्हा परत घेतला, तर जिना चढता येईना त्याला. त्याचं प्रकरण झालं आणि हा शिक्का आला. कशासाठी आला? पुढच्या गदाधरला म्हणता यावं, की साहेब, मी एकटा नव्हतो. आता मला सांग पोरी, वीस वर्षांत उशीर केला म्हणून या ऑफिसात एक तरी माणूस निलंबित झालेला पाहिलास?"

तिने पाहिला नव्हता.

"उशिराला इथं कुणी गुन्हा म्हणत नाही. चुकीला म्हणतात. म्हणून सगळे उशीर करतात."

बिनोदिनी टेबलावर परत आली आणि संध्याकाळपर्यंत तिने पानभर टिपण लिहिलं. चौकशी अहवाल आणि महिनाभराची नोटीस एवढ्यावर दाखला देता येतो; रेकॉर्ड रूमच्या टप्प्याला सरासरी एकशे तेरा दिवस लागतात; तो टप्पा काढावा. विटांबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुळमणि अडकले असते; पंधरा वर्षांच्या प्रत्येक शिक्क्याखाली त्यांची सही होती.

बडबाबूंनी टिपणाखाली लिहिलं, 'प्रस्ताव स्तुत्य आहे. तथापि,' आणि मग पुढे आणखी तीन तथापि. मंगराजांनी चारही वाचले आणि तिला बोलावून घेतलं.

"तुमचं एकच उत्तर खरं आलं," ते म्हणाले. "पण बडबाबूंचा मुद्दा बरोबर आहे. उद्या चूक झाली तर कुणाला धरायचं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. उत्तर मात्र तोंडातून निघेपर्यंत तिला माहीत नव्हतं.

"मला धरा. प्रत्येक फाईलवर मी लिहून देईन, की मी तपासलं."

"नक्की?"

"आज्ञा. नक्की."

ऑगस्टमध्ये एक वर्षासाठी प्रायोगिक तत्त्वावर आदेश निघाला. शिक्का बंद. त्याऐवजी बिनोदिनी सामल यांची सही.

त्यानंतरचे चार महिने तिच्या पायांना विसावा नव्हता. दाखले अडतीस, चाळीस दिवसांत निघायला लागले. ऑफिससमोरच्या बरा-घुगुनीच्या, म्हणजे वडा-उसळीच्या टपरीवर लोक तिच्याकडे बोट दाखवायचे. पण सही केल्यावर ती फाईल पाठवायची, परत मागवायची, पुन्हा वाचायची. रविवारी बस धरून गावात जायची. मयताच्या घरी नाही, शेजारी. आणखी मूल होतं का? कुणी दत्तक गेलं? कुणी सुरतेला जाऊन परत आलंच नाही, असं कुणी? लोक आधी घाबरायचे, मग पाट द्यायचे, मग नको इतकं सांगायचे.

"तू दाखले देतेस की जनगणना करतेस?" तिचा नवरा धरणीधर म्हणायचा. तो हायस्कुलात गणित शिकवायचा. "महिन्याला चाळीस फायली आणि रविवार चार. एका रविवारी गावं किती होतात तुझी? दोन. बाकीच्या बत्तीस रामभरोसे."

"गप्प बस."

"मी नुसता हिशेब केला."

तो हिशेब तिनेही केला होता.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी ती पहाटे उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं काढून ऑफिसात आली. दाराशी एक बाई नवऱ्याबरोबर उभी होती. तुळसी स्वाईं. गाव नदीपलीकडचं, पण माहेर ओळसिंग. वडील अर्जुन स्वाईं उन्हाळ्यात वारले.

बिनोदिनीला फाईल आठवली. बायको, दोन मुलगे. ओळसिंगला तिला जायला जमलं नव्हतं.

"मी पहिलीची," तुळसी म्हणाली. "आई बाळंतपणात गेली, मला मामाने वाढवलं. पण बाबा यायचे. लग्नात कन्यादान त्यांनीच केलं. गावात कुणाला माहीत नाही असं नाही."

"इन्स्पेक्टरने विचारलं नाही?"

"त्यांनी माझ्या भावांना विचारलं."

नोटीस ओळसिंगच्या पंचायतीच्या भिंतीवर महिनाभर होती. तुळसी नदीपलीकडे होती.

"जमिनीचं मी बघीन," तुळसी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती बोलताना बिनोदिनीच्या बोटांच्या पेरांत राहिलेल्या पिठाकडे बघत होती. "ती मिळेल, न मिळेल. पण मी त्यांची कुणीच नाही, असं सरकारी कागदावर तुम्ही लिहिलंत. तुमचीच सही आहे ना ही?"

"माझीच."

बिनोदिनी बसू शकली नाही. उभ्या उभ्याच तिने टिपण लिहिलं आणि स्वतः आत नेलं. मंगराजांनी दाखला रद्द केला. आठ दिवसांत तुळसीचं नाव घालून नवा निघाला. जमिनीचा तुकडासुद्धा इकडचा तिकडे झालेला नव्हता. एवढ्यावर ते मिटायला हरकत नव्हती. पण तक्रार जिल्ह्याला पोचली होती, आणि कटकच्या एका पेपरात चार ओळी आल्या: शिक्का काढला, मुलगी गायब. सोमवारी बिनोदिनीच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस पडली. सात दिवसांत खुलासा.

दुपारी बडबाबू खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. वीस वर्षांत ते कधी तिच्या टेबलाशी बसले नव्हते.

"घाबरू नकोस. खुलासा मी तयार केलाय," त्यांनी अर्धा पान कागद पुढे ठेवला. रेकॉर्ड रूमचा टप्पा वरिष्ठांच्या आदेशाने वगळण्यात आला. तो असता तर सदर त्रुटी वेळीच निदर्शनास आली असती. सबब मी एकटी जबाबदार नाही.

"पण हे खोटं आहे, बडबाबू."

"कुठलं वाक्य?"

"मधलं."

"मधलं वाक्यच तुला वाचवेल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर माया होती. "हे बघ, मंगराज सर आहेत वर्ष-दोन वर्षं. ते बदलून जातील, दुसरीकडे दुसरं काहीतरी बंद करतील. तू इथंच आहेस, मी इथंच आहे. शिक्का परत येऊ दे. कुणाचं काय जातं?"

सेबती राउतचं काय गेलं ते तिने त्यांना सांगितलं नाही. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि आत गेली.

मंगराज या वेळी दाराशी उभे नव्हते. "एकच सांगा," ते म्हणाले. "फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेली असती तर ही मुलगी सापडली असती?"

"नाही, सर. ओळसिंगचं रजिस्टर उघडतच नाही. चौसष्ट गावांची उघडत नाहीत. वादळापासून."

त्यांनी तिचं जुनं टिपण पुढे ओढलं. "हे तुमच्या पहिल्या टिपणात का नाही?"

तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"आता लेखी देता येईल? तुम्ही हे दिलंत तर मी आदेशाच्या मागे उभा राहू शकतो. नाही दिलंत तर माझ्याकडे म्हणायला काही नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "माझी बढतीची यादी एप्रिलमध्ये आहे. तेही तुमच्या कानावर असू दे. मला शहाणपणाचा आव आणायचा नाही."

त्या संध्याकाळी ती कुळमणिंच्या घरी गेली. ते अंगणात सुपारीच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या बायकोने मुढी, म्हणजे कुरमुरे, आणि नारळाचे तुकडे आणून ठेवले, तब्येत विचारली आणि दोघांची तोंडं बघून आत निघून गेली.

"मउसा, मला रजिस्टरांबद्दल लिहावं लागेल."

"लिही."

तिला वाटलं ते कबूल झाले. पण ते पुढे म्हणाले, "मला विचारतील तेव्हा मी सांगीन, रजिस्टरं वाचता येत होती. परवा-परवा खराब झाली. माझ्या सह्या खऱ्या आहेत."

"मउसा."

"दोन महिने राहिलेत माझे. चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकावर लाल शाईचा ठिपका नाही. मी काय केलं सांग? शिक्का मी आणला नाही. पाणी मी आणलं नाही. सात पत्रं लिहिली. तरी खोटारडा म्हणून मीच बाहेर पडायचं?" त्यांचा हात मुढीच्या वाटीत होता, पण ते खात नव्हते. "तुझी फाईल मी हातात घेऊन फिरलो होतो. त्या नोटिशीवर मागची तारीख कुणी घातली, तेही लिहिणार आहेस का?"

ती उठली. फाटकापर्यंत ते सोडायला आले, आणि सवयीने म्हणाले, "सांभाळून जा, रस्ता उकरलाय."

पुढचे चार दिवस ती खुलासा लिहायची आणि फाडायची. एकात कुळमणि होते. एकात बडबाबूंचं मधलं वाक्य होतं. धरणीधर म्हणाला, एक काहीतरी लिही आणि जेव. सातव्या दिवशी तिने सहा ओळी लिहिल्या. चूक माझी आहे. ओळसिंगला मी गेले नाही. रेकॉर्ड रूमचा टप्पा असता तर चूक टळली असती का, हे ठरवण्यासाठी चौकशी अधिकाऱ्यांनी ओळसिंगचं रजिस्टर स्वतः उघडून पाहावं, एवढी विनंती. तिने नाव कुणाचंच घेतलं नाही. रजिस्टर समोर ठेवलं की सांगायला काही उरणारच नाही, असं तिला वाटलं होतं.

जानेवारीत जिल्ह्याहून उपजिल्हाधिकारी आले. वयस्क, मऊ बोलणारे. बिनोदिनीने ओळसिंगचा बस्ता सकाळीच काढून टेबलावर ठेवला होता. त्यांनी तिचा खुलासा वाचला, मग बस्त्याकडे पाहिलं. लाल कापडाला हात लावला नाही.

"हे जुनं रेकॉर्ड आहे," ते म्हणाले. "खराब आहे म्हणता. मी उघडलं आणि पान फाटलं तर? याला अभिलेखागाराची परवानगी लागेल. पंचनामा लागेल."

"सर, नुसती गाठ सोडून बघा. एक मिनिट लागेल."

"बाई, मला चौकशी दाखल्याची दिलीय. रजिस्टरची नाही."

कुळमणि दाराशी उभे होते. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. जे खोटं बोलायची त्यांनी महिनाभर तयारी केली होती, ते बोलायची वेळच आली नाही. साहेब जेवायला उठले तेव्हा ते भिंतीला टेकले आणि त्यांनी गमछाने तोंड पुसलं. बिनोदिनीशी त्यांनी नजर मिळवली नाही.

पंधरा दिवसांत निकाल आला. बिनोदिनी सामल यांना लेखी ताकीद, सेवापुस्तकात नोंद. रजिस्टर चौकशीच्या कक्षेबाहेर असल्याने तपासले नाही. रेकॉर्ड रूमचा टप्पा तत्काळ पूर्ववत करावा. आणि शेवटी एक ओळ: दाखला विभागाने सुरू केलेली स्वतंत्र प्रमाणन-सही उपयुक्त आढळल्याने तीही यापुढे कायम ठेवावी.

ती ओळ बिनोदिनीने तीनदा वाचली. एक शिक्का काढायला गेली होती. आता शिक्काही होता आणि तिची सहीही.

मंगराज एप्रिलची वाट न बघता फेब्रुवारीतच बदलून गेले. जाताना त्यांनी तिला बोलावलं. काही बोलायचं होतं त्यांना, पण समोर फर्निचरची यादी घेऊन माणूस उभा होता, तेव्हा नुसते नमस्कार झाले. कुळमणिंचा निरोप-समारंभ महिनाअखेरीस झाला. शाल, नारळ, छेनापोडा या मिठाईचा एकेक तुकडा. भाषणात बडबाबू म्हणाले, चौतीस वर्षांत लाल शाईचा ठिपका नाही. कुळमणि खाली बघत राहिले. मग किल्ल्यांचा जुडगा त्यांनी रीतीप्रमाणे बडबाबूंच्या हातात दिला, आणि बडबाबूंनी तिथल्या तिथे तो बिनोदिनीपुढे धरला. रेकॉर्ड कीपरचं पद भरलं जाणार नव्हतं. अतिरिक्त कार्यभार म्हणून तो तिच्याकडे आला.

पहिल्या दिवशी रेकॉर्ड रूममध्ये साठच्या वर फायली तुंबलेल्या होत्या. तिने शिक्का हातात घेतला. मारला तर खोटं, ठेवून दिला तर आणखी कुणाची तरी मुदत संपणार. ती खोलीत येरझारा घालत राहिली. शेवटी तिने शिक्का मारला, आणि त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'रजिस्टर वाचण्यायोग्य नाही. ताडता आले नाही.' खाली सही. मग दुसरी फाईल. ज्या गावांची रजिस्टरं उघडत होती ती तिने खरोखर उघडून पाहिली. बाकीच्यांवर ते वाक्य. तीन दिवसांत सगळा गठ्ठा बाहेर गेला.

आणि ती वाट बघत बसली. कुणीतरी विचारेल. ताडता आलं नाही तर दाखला कशाच्या आधारावर? मग ती बोलेल. विटा टेबलावर मांडेल. या वेळी ती काही राखून ठेवणार नव्हती. प्रत्येक वेळी शिपाई दाराशी आला की ती अर्धी उठायची.

नव्या तहसीलदारांनी सगळ्या फायलींवर सह्या केल्या. ते शेवटचं पान बघायचे, हे वाक्य त्याच्या आधीच्या पानावर होतं. मार्च गेला. साठेक फायलींवर ते वाक्य गेलं आणि दाखले निघत राहिले, चाळीस-बेचाळीस दिवसांत. तिला हवं होतं तेच तर होत होतं. तरी ती घरी जाऊन पाणी प्यायची आणि पुन्हा फाटकापाशी येऊन उभी राहायची, काहीतरी विसरल्यासारखी.

एप्रिलात ऑफिस सकाळचं झालं. सातला भरायचं, दीडला सुटायचं. एका सकाळी बडबाबू रेकॉर्ड रूममध्ये आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तुझं ते वाक्य मी पहिल्याच दिवशी वाचलं," ते म्हणाले.

"मग बोलला नाहीत?"

"बोलायचं काय? छान वाक्य आहे. सगळ्यांच्याच सोयीचं. आपण लिहून ठेवलंय की ताडलं नाही, आता उद्या कुणी आपल्याला धरू शकत नाही. कुळमणि बाबूंना सुचायला हवं होतं हे." त्यांनी पुडी तिच्या टेबलावर ठेवली. "रोज हाताने किती लिहिशील? मनगट दुखेल. कटकहून करून आणलाय."

आत नवा कोरा रबरी शिक्का होता. तिचं वाक्य त्यावर उलट्या अक्षरांत होतं.

बिनोदिनीला हसू आलं. तिने शिक्का परत पुडीत गुंडाळला आणि ड्रॉवरमधून आठवडाभर पडून असलेला एक कागद काढला. चौसष्ट रजिस्टरं भुवनेश्वरला अभिलेखागारात पाठवून पानं सोडवून घ्यावीत, अशी मागणी. सोबत चौसष्ट गावांची यादी आणि कुळमणिंच्या सातही पत्रांच्या प्रती.

"हे सरांकडे जाऊ दे," ती म्हणाली.

बडबाबूंनी उभ्या उभ्याच वाचलं. खिशातून पेन काढलं, समासात नेहमीच्या सुबक अक्षरात 'चर्चा करावी' असं लिहिलं, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे परत केला.

बिनोदिनीने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली, वरची धूळ पदराने झटकली आणि ती त्यांच्यापुढे ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "चर्चा करू."

"आत्ता?"

"दीडपर्यंत वेळ आहे."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बिनोदिनी उठून दाराकडे गेली आणि तिने ते उघडं असलेलं आणखी उघडं केलं, म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू यावं. मग कुसुनपडाचा बस्ता फळीवरून उतरवून तिने दोघांच्या मधे ठेवला आणि गाठ सोडायला घेतली. बडबाबू बसले नाहीत, पण गेलेही नाहीत.